ओळ पुरी करून ऊठ

कॉम्प्युटर हँग झाला की आमच्या ऑफिसातली माणसं मनातून खूश होतात. कुणी चहाला जातं, कुणी खुर्ची मागे रेलून मोबाइल काढतं, साहेबांना सांगायला आयतं कारण मिळतं. माझं मात्र तसं होत नाही. स्क्रीनवरचा बाण थिजला की माझ्या कानात पहिल्यांदा आप्पांचा आवाज येतो, "गो शुभा, धाव गो! परत हँग झालो!" आणि डोळ्यांपुढे बाई येतात. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या, डाव्या हाताचं एक बोट कळफलकाच्या कळीवर तसंच दाबून धरलेल्या आणि स्क्रीनकडे नाही तर माझ्याकडे बघत असलेल्या. बाई जाऊन आता काही वर्षं झाली. ऑफिसातला कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंत मी अजूनही जागेवरून उठत नाही.

बाई म्हणजे टायपिंगच्या बाई. बोर्डावर कुमुदिनी असं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारणारं मालवणात कुणी असेल असं वाटत नाही. बाजारात जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची संस्था होती. आमच्या तालुक्यातल्या कचेऱ्यांमध्ये जो कोणी वयाची चाळिशी ओलांडलेला कारकून बसलाय, त्याची बोटं बहुतेक त्या माडीवर घडलेली आहेत. मीही त्यातलीच. बाई धामापूरच्या, मीही धामापूरची, आमची घरं एका दगडी गडग्याच्या अलीकडे-पलीकडे. त्यामुळे सकाळच्या एसटीने आम्ही एकत्रच मालवणात जायचो आणि जाताना मला वर्ग सुरू होण्याआधीच अर्धा वर्ग मिळायचा.

त्यांचं बोलणं हा एक वेगळाच विषय होता. गाडीत बसल्या की धामापूर सोडायच्या आत त्या जे बोलायला लागत ते मालवणच्या स्टँडवर उतरून जिना चढेपर्यंत. कंडक्टरच्या मुलीचं लग्न, सुरमईचा भाव, देवळातल्या नव्या फरशीवर कोण घसरलं, सगळं एका दमात. सगळं मालवणीत. पण जिन्याची शेवटची पायरी चढली की बाईंची भाषा बदलायची. "काल आपण करंगळीचा वापर केलेला नाही, आज तो करावा," असं त्या मला सांगायच्या, तेही दोन मिनिटांपूर्वी "गो बाये, तुका काय अक्कल आसा?" असं विचारलेल्या तोंडाने. मशीनपुढे मालवणी बोललेली त्यांना चालत नसे. मशीन सरकारी कागद काढतं, त्याच्यापुढे नीट बोलावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे कान हे आमच्या वर्गातलं खरं भय होतं. बाई बऱ्याचदा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसत. मांडीवर सुपात ओले काजू घेऊन सोलत असत, किंवा घरी न्यायची भाजी निवडत असत. माडीवर दहा-बारा मशीन एकदम खडखडत असायची, आणि तरी मान न वळवता त्या म्हणायच्या, "तिसरं मशीन. करंगळीचं काम तर्जनीकडून करून घेतलं जात आहे." तिसऱ्या मशीनवरचा मुलगा गार व्हायचा. एकदा एका मशीनचा आवाज त्यांना आवडेना. मेकॅनिकने बघून काही नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "आहे. दर चौथ्या ठोक्याला ते अडखळत आहे." मग टेबलावर लाकडी पट्टीने त्याला तो अडखळता ताल वाजवून दाखवला. मेकॅनिकने परत बघितलं तर खरंच एक स्प्रिंग सैल झालेली होती.

मी मुळात घाबरट. टायपिंग मशीनला ओळीच्या शेवटाजवळ एक घंटी वाजते. ती वाजली की मी दचकायचे आणि शब्द अर्धा टाकून घाईघाईने पुढच्या ओळीवर जायचे. बाईंनी माझ्याशेजारी स्टूल ओढून घेतलं आणि सांगितलं, "घंटी ओळ संपल्याची नसते, संपत आल्याची असते. अजून जागा आहे. तेवढ्यात शब्द पुरा होतो." आणि दुसरा नियम असा, की तास संपला, गाडी चुकायची वेळ आली, कुणी बोलवायला आलं, काही झालं तरी मध्येच उठायचं नाही. "ओळ पुरी करून ऊठ." हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणायच्या की आम्ही मुली मधल्या सुट्टीत डबा खाताना एकमेकींना म्हणायचो, भात पुरा करून ऊठ.

वर्षातून एक दिवस माडीवर ठोका पडत नसे, तो खंडेनवमीचा. त्या दिवशी बाई मशीनांची पूजा करायच्या. प्रत्येक मशीनला गंध, झेंडूचं फूल आणि वरून मूठभर अक्षता. त्या अक्षता कळांच्या फटींतून थेट पोटात जायच्या. म्हणून दसऱ्यानंतरचा पहिला तास झाडण्याचा असायचा. बाई पुढे उभ्या राहून हात पुढे करायच्या आणि तळवा पालथा करायच्या. त्या खुणेसरशी आम्ही दोघी-दोघींनी मिळून एकेक मशीन उचलून उलटं धरायचं आणि झटकायचं. टेबलाखाली हळदीकुंकवाच्या तांदळांचा सडा पडायचा आणि खिडकीतून चिमण्या आत यायच्या. हे सगळं मी एवढं सांगतेय ते पुढे लागणार आहे म्हणून.

पुढे टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या. बाईंनी दोन कॉम्प्युटर आणून काही काळ रेटलं, मग संस्था बंद केली. मशीनं गेली तेव्हा त्या माडीवर आल्याच नाहीत. एक कॉम्प्युटर मात्र घरी आणला. त्याचा कळफलक मशीनसारखाच लावून घेतला होता, अक्षरं त्याच जागांवर. त्यावर त्या गावातल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे बाईंचे यजमान. काजू, थोडे आंबे, खालच्या मळ्यात भात, एवढं त्यांचं जग. मालवणातल्या त्या माडीवर त्यांनी आयुष्यात पाय ठेवला नव्हता. बोलायचे इतकं कमी, की गडग्यापलीकडून त्यांचा आवाज आला तर आमची आई बाहेर येऊन बघायची. दोघांच्या संसारात बोलायचं खातं बाईंकडे होतं आणि आप्पांना त्याचं काही वाईट वाटत नसे.

आणि एका सकाळी बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की डोकं पूर्ण शाबूत आहे, सगळं समजतंय, फक्त जीभ वळत नाही. हे ऐकून लोकांना बरं वाटलं. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. बाईंच्या मनात सगळं बोलणं जसंच्या तसं साठतंय आणि त्याला बाहेर यायला वाट नाही, हा विचार मला सहन होईना.

डाव्या हाताने पाटीवर लिहून बघितलं, ते कुणालाच लागेना. लेकीने पुण्याहून मोठा मोबाइल पाठवला, पण बोट थरथरायचं आणि दर वेळी शेजारचं अक्षर उमटायचं. बाईंनी तो उशीखाली सारून दिला. शेवटी मीच एकदा म्हटलं, कॉम्प्युटर खाटेजवळ आणून बघूया का? कळा कडक होत्या, बोट टेकवून मग दाबता यायचं, आणि अक्षरांच्या जागा तर त्यांना झोपेतही ठाऊक. आप्पांनी जुनं मशीनचं टेबल खाटेशी आणलं. टेबल डुगडुगायचं, कॉम्प्युटरचा उभा डबा पडेल म्हणून आप्पांनी तो आडवा निजवला आणि स्क्रीन शेजारी ठेवला.

बाईंनी बराच वेळ घेऊन पहिलं वाक्य उमटवलं. "कृपया मला पाणी द्यावे." मी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गो शुभा, ही माझी बायल न्हय. ही कचेरीतली कोण तरी बोलता." आणि खरंच त्यांचे डोळे भरले होते. बाईंना तर सगळं ऐकू येत होतं. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. एकेक अक्षर येत गेलं आणि आप्पा वाचत गेले, "पानी द्या मगे. रडतास कित्याक?" मशीनपुढे बाई पहिल्यांदा मालवणी बोलल्या. आप्पांनी पाणी आणलं ते अर्धं हातावर सांडलं.

तेव्हापासून आप्पा बाईंचं तोंड झाले. बाई लिहायच्या आणि आलेल्या-गेलेल्यांना ऐकू जावं म्हणून आप्पा मोठ्याने वाचायचे, अगदी सपाट आवाजात, पहिलीतल्या मुलासारखं. विरामचिन्हंसुद्धा वाचायचे, कारण बाईंनी तशी सक्त ताकीद दिली होती. चिन्ह सोडलं तर बोलणं बिघडतं, असं त्यांचं मत. त्यामुळे आप्पांच्या तोंडून असं काहीबाही ऐकायला मिळायचं: "ह्येंनी आज आमटीत मीठ इसारल्यानी स्वल्पविराम पन मी काय बोलूक नाय स्वल्पविराम आता बोलतंय पूर्णविराम." स्वतःचीच तक्रार आप्पा एवढ्या इमानाने वाचायचे की ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळत नसे. घरात पुन्हा माणसं येऊन बसायला लागली. बाईंची वाक्यं मशीनवरच्या दिवसांसारखी लांबलचक व्हायला लागली.

त्या वर्षीचा दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांत कॉम्प्युटर पहिल्यांदा हँग झाला.

बाई मला शेजारच्या वाडीतल्या एका साखरपुड्याचं काहीतरी सांगत होत्या. वाक्य अर्ध्यावर असताना अक्षरं यायची थांबली. बाईंनी कळ दाबली, पुन्हा दाबली. बाण हलेना. मी बंद करून चालू केला, पाच-दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं, पण बाईंचं ते वाक्य गेलं होतं आणि त्यांना ते पुन्हा लिहायचं त्राण नव्हतं. तेव्हा आम्ही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. त्यानंतर कधी सकाळभर व्यवस्थित चालायचा आणि कधी पहिल्याच ओळीला थिजायचा. कधी होईल याचा काही नेम नव्हता, आणि जीव खायचा तो हाच. रोज ठरल्या वेळी बिघडला असता तर आम्ही ती वेळ टाळली असती.

कुडाळला मंगेश म्हणून एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे, हुशार मुलगा. त्याने घरी येऊन बघितलं, आत काही व्हायरस आहे का तपासलं, विजेचा दाब कमी-जास्त होतोय म्हणून एक स्टॅबिलायझर बसवला. फरक पडला नाही. मग तो डबा स्कूटरवर पायांमध्ये उभा ठेवून कुडाळला घेऊन गेला. ते दोन दिवस बाई खाटेवर मुक्या पडून होत्या आणि आप्पा पडवीत फेऱ्या घालत होते. मंगेशचा मला फोन आला, "काकी, दुकानात दिवसभर चालू ठेवलाय, एकदाही अडकला नाही. उघडू कशाला? चालत्या मशीनचं पोट कशाला फाडायचं?" सगळं नव्याने भरून त्याने डबा परत आणला, आप्पांनी तो पुन्हा टेबलावर आडवा ठेवला, आणि संध्याकाळी तो हँग झाला. पुन्हा दुकानात नेला. पुन्हा तिथे उत्तम. मंगेश माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मीच काहीतरी करतेय.

मग ज्याला जे सुचेल ते तो सांगायला लागला. तळ्याकाठचं घर, हवा दमट, म्हणून आप्पांनी टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायला घेतली, ती मी काढायला लावली. कुणी म्हणालं पाल गेली असेल. माझी आई म्हणाली नजर लागली, बाई फार बोलायला लागल्या होत्या. मी वरवर हसले आणि घरी जाऊन तिच्यावर ओरडले. खरं म्हणजे मलाही तसं वाटायला लागलं होतं.

एका सकाळी आप्पांनी मला बोलावलं. अंघोळ करून धोतर नेसून कॉम्प्युटरपुढे नारळ घेऊन उभे होते. म्हटलं आता हे नारळ डब्यावर फोडतात की काय! पण त्यांना देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं, आणि गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणायला दुसरं माणूस लागतं. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघायचे, तो माणूस हात जोडून घडघडा बोलायला लागला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरात ह्यो कॉम्प्युटर म्हणान जो काय आसा, तेका जी काय इडापीडा, वाकडी नजर, कोणाचा काय बरा-वायट लागला आसात, ता भायर काढ म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी म्हटलं.

"तेच्या पोटात जां काय अडाकला आसा, ता सोडव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि माझ्या घरकारणीची वाचा तेच्यात अडाकली आसा, ती मोकळी कर रे म्हाराजा!"

ह्या वेळी मी आधी बाईंकडे वळून बघितलं. बाईंनी खाटेवरून डाव्या हाताने टेबलावर थाप मारली, म्हणजे म्हण. मग मी म्हटलं. नारळ आप्पांनी बाहेर पायरीवर फोडला. त्या दिवशी दुपारपर्यंत कॉम्प्युटर सुरळीत चालला आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण कुणी काही बोललं तर बिघडेल अशी भीती. चहाच्या वेळेला तो थिजला.

मग तो छातीचा प्रसंग घडला. रविवार होता, मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आप्पांची हाक आली ती नेहमीची नव्हती. धावत गेले तर आप्पांचा चेहरा पांढरा पडलेला. स्क्रीनवर एकच शब्द होता, "छातीत". त्यापुढे काही नाही. बाण थिजलेला.

"छातीत काय गो? छातीत काय?" आप्पा बाईंचा खांदा धरून विचारत होते. "दुखता? कळ येता?" बाई मान हलवत होत्या, पण नाही म्हणतायत की थांबा म्हणतायत ते कळेना. मी बटण दाबून डबा बंद केला, पुन्हा चालू केला. तो सुरू व्हायला जी काही मिनिटं लागली तेवढ्यात मी रिक्षावाल्याला फोन केला, आप्पांनी बाईंच्या कपाटातली इस्पितळाची पिशवी काढली, आणि बाई डोळे वटारून आम्हा दोघांकडे बघत होत्या. शेवटी स्क्रीन उजळला. बाईंनी लिहिलं, "छातीत कफ झालोहा. ओव्याचो शेक द्या. रिक्षा कोणाक?" रिक्षावाला दारात आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला. आम्ही हसलो, फार हसलो, आणि मी घरी येऊन न्हाणीघरात रडले.

त्यानंतर बाई बदलल्या. मला ते लगेच कळलं नाही. वाक्य अर्ध्यावर तुटलं तर घरात काय हाहाकार होतो हे त्यांनी बघितलं होतं. त्यांनी वाक्यं लिहिणंच सोडलं. "पानी." "खिडकी." "शेक." एक शब्द, एक टिंब. आप्पा वाचायचे, "पानी पूर्णविराम," आणि पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहायचे. पुढचा शब्द नसायचा. कोण आलं-गेलं, कुणाचं लग्न, कसला भाव, काही नाही. मग एक-दोन दिवस असे गेले की बाईंनी बोट उचललंच नाही. आप्पा मला गडग्याशी गाठून म्हणाले, "ती दमली गो. आता ती गप ऱ्हवतली." पुढे म्हणाले, "माका तेची भीती वाटता. झटको इलो तेव्हा इतकी वाटाक नाय." मला त्यांना धीर द्यायला हवा होता, पण मला स्वतःलाच तीच भीती वाटत होती.

कफामुळे आप्पांनी छताचा पंखा बंद करून ठेवला होता. तो पंखा मोठा आवाज करायचा आणि दिवसरात्र चालू असायचा. पंखा बंद झाल्यावर खोली अगदी शांत झाली. तिसऱ्या प्रहरी मी बाईंजवळ बसले होते. कॉम्प्युटर नुसताच चालू होता. एकदम बाईंनी मान वळवून डब्याकडे बघितलं. मग डाव्या हाताचं बोट टेबलावर आपटायला लागल्या. टक, टक, टक, जरा थांबून टकटक, टक. मला वाटलं काही हवंय. पाण्याचा तांब्या दाखवला. त्यांनी रागाने मान हलवली आणि पुन्हा तेच. टक, टक, टक.

आणि मला ती माडी आठवली. लाकडी पट्टीचा तो अडखळता ताल. मी कान डब्याला लावला. आत बारीक टिकटिक चालली होती, बाईंच्या बोटाशी जुळणारी. ती अडखळली, हळू झाली आणि थांबली. डब्यातली घरघरही त्याबरोबर थांबली. बाईंचं बोटही थांबलं. थोड्या वेळाने बाण थिजला.

"आत काहीतरी अडकतंय!" मी ओरडले. बाईंनी हात पुढे केला आणि तळवा पालथा केला.

ती खूण मी किती दसऱ्यांना बघितली होती! मी वायरी काढल्या आणि आप्पांना हाक मारली. आप्पा घाबरले, "उलटो करतस? मोडात गो!" पण बाईंचा तळवा तसाच पालथा होता आणि त्यांच्यापुढे आप्पांचं कधी चाललं नव्हतं. दोघांनी मिळून डबा उचलला, जाळीची बाजू खाली केली आणि झटकला. पहिल्यांदा झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या पडल्या. मग तांदूळ. लाल-पिवळे, हळदीकुंकवाने चिकटलेले, दोन-दोन तीन-तीनचे पुंजके. शेणाने सारवलेल्या जमिनीवर टपटप पडत राहिले.

खंडेनवमीला आप्पांनी पूजा केली होती. बाईंची वाचा ज्यात आहे ते यंत्र, त्याची पूजा त्यांनी हात आखडून कशी करावी? आडव्या ठेवलेल्या डब्याला वर जाळी होती आणि तिच्या खालीच आतला छोटा पंखा. आप्पांनी त्या जाळीवर ओंजळ रिकामी केली होती. पूजेनंतर झाडायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? ते माडीवर कधी आलेच नव्हते. डबा स्कूटरवर उभा बसून कुडाळला गेला की दाणे खाली सरकायचे, परत आडवा निजला की हिंडत हिंडत पंख्यात यायचे. दाणा अडकला की पंखा थांबे, डबा तापे आणि हँग होई.

आप्पा त्या तांदळांकडे बघत खाली बसले. "माझ्याच हातान," ते म्हणाले, "माझ्याच हातान तिची वाचा बंद केलंय मी." बाईंनी टेबलावर थाप मारली. मी घाईने वायरी जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, घरघर एकसारखी येत होती. बाई लिहायला लागल्या. किती तरी दिवसांनी एकापुढे एक शब्द येत होते. आप्पा जमिनीवरून उठले, चष्मा पुसला आणि त्या सपाट आवाजात वाचायला लागले, "लगनात माझ्या डोक्यार पन स्वल्पविराम इतक्यो अक्षता पडूक नव्हत्यो पूर्णविराम." वाचून झाल्यावर काय वाचलं ते त्यांना कळलं. बाईंच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. आप्पा उजव्या हाताने डोळे पुसत होते आणि डाव्या हाताने बाईंचा पाय धरून उभे होते.

मंगेशने दुसऱ्या दिवशी येऊन डबा उघडला, ब्रशने उरलेले दाणे काढले आणि बराच वेळ डोकं खाजवलं. पुन्हा तो हँग झाला नाही. आमची भीती मात्र लगेच गेली नाही. मी पुढे कित्येक दिवस त्या खोलीत शिरताना आधी कान देऊन घरघर ऐकायचे, मग बाईंकडे बघायचे.

पुढच्या वर्षी माझी बदली देवगडला झाली. निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. पिशव्या पडवीत ठेवून मी बाईंना भेटायला गेले. आप्पांची पूजा चालू होती. त्यांनी डब्याच्या कडेला करंगळीने गंधाचा एवढासा ठिपका लावला. फूल लांब स्क्रीनच्या मागे ठेवलं. अक्षता मुठीत घेतल्या, जाळीकडे बघितलं, आणि वळून त्या बाईंच्या डाव्या हातावर वाहिल्या, बोटांवर. बाईंनी थोडा वेळ हात तसाच राहू दिला. मग तळवा पालथा करून झटकला आणि बोट कळीवर ठेवलं.

"देवगडाक थंय वारो खूप स्वल्पविराम," आप्पा वाचायला लागले, "कानाक बांधूक इसरा नको स्वल्पविराम थंयचे लोक मोजून बोलतत स्वल्पविराम तू त्येंच्यासारखी होव नको स्वल्पविराम..."

वरच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. घंटी झाली तरी अजून जागा असते हे बाईंनीच शिकवलेलं. मी बसून राहिले. ओळ संपायची वाट बघत होते, ओळ पुरी झाल्याशिवाय उठायची मला सवय नाही. पण बाईंचं बोट थांबेना. माझ्या आईकडे लक्ष ठेवू, काजू पिकले की पाठवू, ह्येंना आता भात मऊ शिजवायची सवय लागलीय, एकामागून एक येत होतं आणि आप्पा चिन्हासकट वाचत होते. दुसरा हॉर्न झाला. आप्पांनी वाचता वाचताच मागे न बघता हाताने मला जा म्हणून खूण केली. बाईंनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि बाहेर पडले.

अंगणातून, माडांमधून, पार गडग्यापर्यंत आप्पांचा आवाज येत होता. मी पिशव्या उचलल्या आणि जरा थांबले. स्वल्पविराम, आप्पा म्हणाले.